किंचाळीची मजुरी

गाणं साडेतीन मिनिटांचं.
दोन मिनिटं दहा सेकंदांवर त्यात एक भोक होतं.
तिथं किंचाळी बसवायची होती.

कस्तुरी हत्तुरेनं चौदा वेळा ओरडून पाहिलं.
ती गुरगुरते तेव्हा गल्लीतलं कुत्रं रिक्षाखाली जातं,
पण ही वेगळी, म्हणाली.
ही घाबरवणाऱ्याची नाही बे, घाबरलेल्याची पाहिजे.
आणि मला आता भीती कशाची?
पाचव्या दिवशी नळ आला नाही तर, तेवढीच.

अय्याज नदाफच्या चुलत्याचा कारखाना, सुटीचा दिवस.
बारा मागांतले नऊ भंगारात गेलेले,
भिंतींना डागी चादरी ठोकलेल्या, आवाज बाहेर जाऊ नये म्हणून,
चादरींवर मोर, सगळे उलटे.
अय्याज गिटारवर तेच तीन सूर उतरत होता,
जुन्या भुताच्या सिनेमात
शवपेटीचं झाकण सरकताना वाजायचे तसले.
मी ड्रमवर.
डबल बेस कुठं शिकलास, असं कुणी विचारलं तर सांगतो, पाळण्यात.
धोटा इकडून तिकडं, खटॅक खट, रात्रभर.
आई सांगते, वीज गेली आणि माग थांबला
की तू दचकून रडायचास.

मल्लय्या येमूलचं नाव चुलत्यानंच काढलं.
दिवसा वहिफणी जोडायचा,
रात्री शेवटच्या खेळाला टॉकीजमध्ये ओरडायचा.
हो, नोकरी होती ती.
मालक दोन रुपये द्यायचा, वर चहा आणि खारी.
थर्डमध्ये सातवी रांग, कडेची खुर्ची.
पडद्यावर कबरीतून हात वर यायच्या
एक क्षण आधी.
नंतर ओरडून काय उपयोग, तो म्हणाला,
नंतर तर सगळेच ओरडतात.
भीती पडद्यावरून येत नाही पोरांनो,
शेजारच्या खुर्चीवरून येते.

बायकोला वाटायचं, रातपाळी आहे.

टॉकीजचं आता मंगल कार्यालय झालंय.
त्याच्या नातीचं लग्न तिथंच लागलं,
अक्षता टाकताना तो सातवी रांग मोजत होता.

माइकसमोर त्यानं कवळी काढून खिशात ठेवली.
तोंड उघडलं.
हवा आली.
चाळीस वर्षांच्या कापसातून गाळून आलेली
नुसती हवा.
थांबा, येईल, म्हणाला.
दुसऱ्यांदा हवा.
तिसऱ्यांदा खोकला, मग पाणी, मग तो मागाच्या कण्याला हात लावून उभा.
अय्याजनं विचारलं (त्यानं विचारायला नको होतं),
मिलच्या फाटकावर नोटीस लागली तेव्हा ओरडला होतात का?
तेव्हा कुठलं. तेव्हा पैसे कोण देणार होतं?

मग म्हणाला, लाइट घालवा.
उजेडात हे काम होत नसतंय.

घालवले.
चादरींवरचे मोर गेले, आम्ही गेलो,
उरला रेकॉर्डरचा लाल ठिपका
आणि तेलाचा, रुईचा वास.
तीन सूर उतरले.
दोन मिनिटं नऊ सेकंदांवर
अंधारात कुणीतरी श्वास आत ओढला,
आडातून रिकामी बादली वर यावी तसा,
आणि ओढतच राहिला, सोडला नाही.

किंचाळली ती कस्तुरी.

लाइट लागले तेव्हा तिचे हात थरथरत होते
आणि मल्लय्या कवळी बसवत होता.
आला की नाही, म्हणाला.

पाचशेची नोट त्यानं परत केली.
खारी कोपऱ्यावरच्या बेकरीतून आणली, दोन खाल्ल्या,
एक नातवाला रुमालात.

गाणं आता फोनवर आहे.
दोनशे बारा जणांनी ऐकलं, त्यात अय्याज बरेच वेळा.
आईला ऐकवलं परवा.
टॉवेलचे काठ मारत होती, मशीनवर पाय चालूच,
हे काय भांडी पडल्यासारखं, म्हणाली.
दोन मिनिटं नऊ सेकंदांवर
पाय थांबला.
किंचाळी अजून यायची होती.
तिनं दाराकडं पाहिलं,
बघ रे, म्हणाली,
कोण आलंय.