छत्तीसचा आकडा

खरकरांकडून क्लिनिक घेतलं तेव्हा यादी केली होती:
खुर्च्या दोन, एक्स-रे, ऑटोक्लेव्ह,
दम्याचा कम्प्रेसर.
सही करताना म्हातारा म्हणाला,
रोझलीन यादीत नाही. सांभाळा.

सांभाळायला मी हजेरीचं बुक आणलं.
दहा-पाचनंतर लाल शाई,
तीनदा लाल, की अर्धा दिवस कापायचा.
वृषालीकडे मानखुर्दला पाणी साडेनवाला येतं;
तिच्या पानाला पहिल्याच महिन्यात गोवर उठला.
रोझलीन मिस्किटाचं पान निळंच.
चेंबूर गावठाणातून चालत येते,
माझ्याआधी कुलूप काढते.

मंगळवारी तळवडेकर काकांची दाढ काढायची होती.
खालची, डावी. भूल चढली, ओठ जड झाला,
मी हात पुढे केला
आणि हातात आला वरच्या दाढेचा चिमटा.

ओरडले मी. काकांच्या उघड्या तोंडावरून:
बावीस वर्षं काय केलंस इथे?
काकांना तोंड मिटता येत नव्हतं.
तिला उघडता येत होतं.
तिने उघडलं नाही.
खालचा चिमटा दिला, एका हाताने सक्शन धरलं,
दुसरा काकांच्या खांद्यावर, दाढ निघेपर्यंत.

रात्री बिलं जुळवताना केसपेपर सापडला.
माझं अक्षर, माझी घाई.
छत्तीसच्या जागी सव्वीस.
मी लिहिलं तेच तिने मांडलं होतं.
एवढं ती तिथेच म्हणाली असती,
तर काका अर्ध्या बधिर तोंडानिशी
जिना उतरून नाक्यापर्यंत पळाले असते.

सकाळी बुक उघडलं, दोघींसमोर.
त्यात माझं नाव नव्हतंच. लिहिलं.
पुढे लाल.
रोझलीन, काल चूक माझी होती.
फोन वाजत राहिला, वृषाली उचलायला विसरली.
रोझलीन ट्रेवर टॉवेल अंथरत म्हणाली,
तुमचे दोन नि तीन सारखेच दिसतात, डॉक्टर.
खरकर सरांचेपण दिसायचे.
ते मला विचारू द्यायचे.

वृषालीची वेळ आता सव्वादहा आहे.
लाल पेन कुठे गेलं, कुणी शोधत नाही.
आणि चिमटा उचलण्याआधी रोझलीन
पेशंटला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने विचारते:
छत्तीस?
मी आरसा फिरवून पुन्हा बघते.
मग म्हणते,
छत्तीस.