बाम संपला

डिसेंबरात पुण्याची हवा
ओठांवरून सुरीसारखी जाते.
धायरीहून सव्वासहाला स्कूटर काढते,
दांडेकर पुलाच्या सिग्नलला ओठांवरून जीभ फिरवते
(फिरवू नये, माहीत आहे)
आणि वर्गात पोचेस्तोवर मधोमध चीर.

इतर कुणाचे ओठ फुटले तर फुटले.
माझे नऊ जण वाचतात.
हातांनी बोलतो आम्ही, फळ्यावर लिहितो,
कानांमागे यंत्रंही आहेत, सेल असले तर चालतात;
तरी अवघड शब्दाला नऊ जोड्या डोळे
माझ्या तोंडाकडेच येतात.
"भाकरी" म्हणताना मी कळवळले
तर मिस्बाहने वहीत लिहिलं:
भाकरी, म्हणजे दुखणारी वस्तू.

मग शोध.
कर्वे रोडच्या मेडिकलात काचेमागची नळी, दोनशे पंच्याण्णव.
"इम्पोर्टेड आहे," काउंटरवरचा मुलगा म्हणाला.
ओठ इथलेच आहेत, मी म्हटलं.
पंचेचाळिसाची स्ट्रॉबेरी घेतली:
वास झकास, ओलावा मधल्या सुट्टीपर्यंत,
चव अशी की मीच चाटून संपवली.
पुदिन्याची झोंबली.
लाल रंगाची लावली त्या दिवशी मुलं खूश,
शेवटच्या बाकावरूनही शब्द दिसू लागले,
पण मोठ्या बाईंनी जिन्यात विचारलं, "आज काही विशेष?"
दहा रुपयांची डबी त्यातल्या त्यात प्रामाणिक.
वरून पांघरूण घालायची, भेग खाली जागीच.
तरी तीच वापरली,
नखाने तळ खरवडेपर्यंत.

गुरुवारी तिसऱ्या तासाला
रिकामी डबी टेबलावर आपटून
स्वतःशीच म्हटलं, "बाम संपला."

आता ज्यांना ऐकू येतं त्यांना सांगावं लागेल:
प, ब आणि म
ओठांवर एकाच चेहऱ्याचे भाऊ.
फरक घशात, फरक नाकात,
बाहेर नुसतं मिटणं आणि उघडणं.

गहिनीनाथ पहिल्या बाकावर.
त्याने वाचलं, बाप संपला.

त्याचा बाप मार्केट यार्डात हमाल,
पहाटे तीनला पोत्यांखाली जातो.
पोरगं उठलं ते थेट दाराबाहेर,
मागे मी, हातात डबी.
व्हरांड्यात गुडघ्यावर बसून
डबी दाखवते, ओठ दाखवते,
फरशीवर खडूने म काढते,
पुन्हा म, आणखी एक म.
त्याला पटेना.
शेवटी ऑफिसातून व्हिडिओ कॉल लावला.
घामाघूम माणूस, मागे मिरच्यांची थप्पी.
दोघे हातांनी काहीतरी बोलले,
घरातल्या खुणा, मला न येणाऱ्या.
मग बाप माझ्याकडे बघून हसला
आणि ओठांपाशी येऊन थांबला.

शनिवारी टेबलावर कागदाची पुडी.
आत लिंबाएवढा पिवळट गोळा,
त्यावर कुणाच्या तरी मुठीची बोटं उमटलेली.
कोकमाचं मुठेल.
चिठ्ठीत लिहिलं होतं:
"बाई, कोकणातनं गाडी येते, ड्रायव्हर देतो.
कोमट करून रात्री लावा.
पैसे नको. वीस रुपयाला मिळतं."

चौथ्या दिवशी भेग मिटली.
वास नाही, चकाकी नाही,
थंडीत त्याचा पार दगड होतो,
चमच्यात धरून गॅसवर न्यावं लागतं.
मुलांना नाव शिकवायला गेले तिथे अडले:
क घशात होतो, ओठांना त्याचा पत्ताच नसतो;
कोकम म्हणा, दिसतो एक गोल, मग एक मिटणं.
कुणी ओम लिहिलं, कुणी होम, कुणी रोम.
गहिनीने काहीच लिहिलं नाही.
मूठ वळली आणि ओठांवरून फिरवली.

आमच्या वर्गात बामाला आता तीच खूण आहे.
परवा मेडिकलात सेल घेताना
सवयीने माझ्याकडूनही झाली.
काउंटरवरचा मुलगा म्हणाला,
"टूथपेस्ट?"