प्रपत्र ‘ब’

परिपत्रक आलं तेव्हा मी पटाची बेरीज करत होते.
‘प्रत्येक विद्यार्थ्याने आठवड्यातून किमान दोन तास
उघड्यावर घालवावेत.’
खाली सही, गोल शिक्का,
तारीख गेल्या महिन्याची.

उघड्यावर.
मी मोठ्यानं वाचलं आणि सहावी ब फिदीफिदी हसली.
शाळेच्या मागच्या भिंतीवर हाच शब्द रंगवलाय,
दंडाच्या रकमेसकट.

मैदान आहे आम्हाला. नकाशात हिरवं आहे.
प्रत्यक्षात तिथं जप्त केलेल्या हातगाड्या
एकमेकींवर पाय टाकून झोपल्यात,
त्यांच्यामधून पोरं लगोरी खेळतात,
आणि चेंडू गाड्याखाली गेला
की जो सर्वात बारीक तो आत सरपटतो.
हे दोन तासांत धरायचं का,
असं मी बीट ऑफिसरांना विचारलं होतं.
ते म्हणाले, बाई, बस पाठवतोय.

बस खरंच आली.
बेचाळीस हिरव्या टोप्या, एकाच मापाच्या,
म्हणजे कुणाच्याच मापाच्या नाहीत.
ट्रॉम्बेहून निघालो, मानखुर्दच्या सिग्नलला अर्धा तास,
मग पूल, मग पलीकडचा काठ,
लाकडी पायवाट, फलक, दुर्बीण एक.

तेजल नावाची मुलगी माहिती सांगत होती, खाकी शर्ट,
आवाज बसलेला, आमची आजची तिसरी शाळा.
तिवरांच्या मुळांत चिखल हलला.
‘हा मडस्किपर,’ ती म्हणाली.
‘निवटी हाय ती,’ प्रणिल वैती म्हणाला,
‘माजी आय कालवन करते.’
मी डोळे वटारले.
पण तेजल कठड्यावरून उतरून त्याच्यापाशी बसली.
कशी पकडतात? बिळात हात घालून?
अमावास्येच्या ओहोटीला?
आणि वर्षभर ज्यानं तोंड उघडलं नव्हतं
तो पोरगा दहा मिनिटं बोलत राहिला,
ती आपल्या वहीत लिहीत राहिली.

अफशांनं चिखलात पाय घातला नाही.
बूट बहिणीचे होते,
बहीण दुपारच्या अधिवेशनात,
साडेबाराच्या आत कोरडे परत हवे होते.
ती कठड्याला टेकून उभी, सगळ्यांचे डबे सांभाळत,
म्हणून दुर्बीण तिच्या हातात सर्वात जास्त वेळ राहिली.
तिनंच ओरडून सांगितलं,
बाई, आपली टाकी!
आपल्या शाळेची टाकी!

मग काय, रांग मोडली.
खाडीच्या त्या अंगाला, धुरकट,
बोटाच्या नखाएवढी आमची टाकी,
तिच्या पायाशी तीच तिवरं,
तोच चिखल,
आणि आम्ही दीड तास बसमधून
त्याच पाण्याला वळसा घालून आलो होतो.
प्रणिलनं दुर्बीण खाली केली.
‘बाई, इथनं आपल्याकडं बघायला पन
सहल येते का?’

मी डबे खायला सांगितलं.

आता प्रपत्र भरतेय.
पाहिलेले पक्षी, किमान पाच:
बगळा, घार, खंड्या, रोहित.
पाचवा तेजलला दिसला, आम्हाला नाही.
अध्ययन निष्पत्ती: रकाना दोन बोटांचा.
लिहिलं, ‘विद्यार्थ्यांनी परिसर ओळखला.’
खोटं नाही ते.
शेरा: कोरा.

टोप्या परत करायच्या होत्या. एकेचाळीस भरल्या.
फरकाचे पस्तीस रुपये मी घातले,
पावती फाईलला आहे.

बेचाळिसावी कुठं आहे ते मला माहीत आहे.
शाळेमागच्या जेट्टीवर एका होडीच्या खुंट्याला
ती अडकवलेली दिसते, शिक्षक खोलीच्या खिडकीतून.
गेल्या शुक्रवारी शेवटचे दोन तास
मी भिंतीतलं मागचं दार उघडलं.
कुलूप गंजलेलं, रॉकेल घालावं लागलं.
चपला दारातच काढायला लावल्या,
अफशांचे बूट माझ्या टेबलाच्या खणात.
ओहोटी होती.
कुठल्या प्रपत्रात लिहायचं
ते अजून कुणी कळवलेलं नाही.