काट मारलेला ओ

बँडच्या नावात एक ओ होता, त्यावर तिरपी काट,
गणिताच्या मास्तरांनी शून्य देऊन
तेही परत घेतल्यासारखी.
उच्चार कुणालाच जमायचा नाही.
आम्ही त्यांना काटशून्य म्हणायचो.

वडील सातपूरच्या कंपनीची गाडी चालवायचे.
मशीन बसवायला नॉर्वेहून आलेला माणूस
डॅशबोर्डच्या कप्प्यात कॅसेट विसरून गेला.
विसरला की ठेवून गेला, वडिलांनी विचारलं नाही.
साल चौऱ्याऐंशी. मी अकरावीला.

त्यात ड्रम नव्हता, ड्रमचं यंत्र होतं,
नोट प्रेसच्या भोंग्यासारखं वेळेवर.
गिटार म्हणजे ग्राइंडरवर धरलेला पत्रा.
गाणारा गात नव्हता, तक्रार नोंदवत होता.
एक शब्द कळायचा नाही,
आणि शांतवन साळवे म्हणाला, हे आपल्याबद्दल आहे.

शरणपूरला त्याच्या घरी चर्चची जुनी पेटी,
उसना कॅसिओ, हेरंबचा तेलाचा डबा.
दुपारी देवळालीहून तोफांचा सराव ऐकू यायचा.
आम्ही तोच ताल धरायचो;
तोफ चुकायची, आम्ही नाही.
कुठे सूर लागलाच तर शांतवन हात वर करायचा.
"गोड होतंय," म्हणायचा,
दुधात माशी दिसल्यासारखा.

दुसऱ्या वर्षी तो माणूस पुन्हा आला,
या वेळी कॅसेट वडिलांच्या हातात दिली.
कव्हरवर तेच चौघं, पण उजेडात.
एकाच्या अंगात स्वेटर, दुसरा चक्क हसत होता.

टेप सुरू झाला, आणि त्यात चाल होती.
साधी, चढून पुन्हा उतरणारी,
घरी परत येणारी चाल.
पोळ्या लाटता लाटता आई
दुसऱ्या कडव्याला गुणगुणायला लागली.
आई!
शांतवनला आणखी पुरावा नको होता.

"विकले गेले."
मी म्हटलं, कुणाला?
तिथे सगळी मिळून माणसं किती,
आपल्या जिल्ह्याहून थोडी जास्त.
हेरंब हसला. शांतवनने बोट घालून
सगळी फीत बाहेर ओढली
आणि पिंपळगावला मामाच्या बागेत
द्राक्षांवर पाखरं बसू नयेत म्हणून
मांडवाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ताणून बांधली.

जानेवारीत आम्ही बघायला गेलो.
वारा सुटला की फीत घुमायची,
एकच सूर, लांब, श्वास न घेणारा.
पाखरं खरंच येईनाशी झाली होती.
तो बराच वेळ ऐकत राहिला.
"आता बरे वाजतायत," म्हणाला.

मी त्याला सांगितलं नाही
की आदल्या रात्रीच मी सगळं उतरवून घेतलं होतं
आईच्या भजनांच्या कॅसेटवर.
एके ठिकाणी बटण उशिरा दाबलं गेलं,
तिथे दोन गाण्यांच्या मध्ये अजून टाळ वाजतात.

ते का बदलले, मला माहीत नाही.
कुणाच्या घरी मूल झालं असेल.
पैसे संपले असतील.
किंवा तिकडचा लांबलचक काळोख
काही वर्षं पुरतो माणसाला,
मग एखाद्या सकाळी केटलीजवळ उभं असताना
तोंडातून शीळ निघून जाते
आणि ती परत आत घेता येत नाही.

शांतवन प्रेसमधून निवृत्त झाला.
रविवारी चर्चमध्ये पेटी वाजवतो.
परवा त्याचा स्पीकर दुरुस्त करायला गेलो,
तो एकटाच, मुलं अजून यायची होती,
आणि त्याच्या हाताखालून ती निघाली.
चढून पुन्हा उतरणारी.
आयुष्यात एकदाच ऐकलेली.

"ही कुठली रे? बोटांनाच येतेय."
मी वायर सोलत म्हटलं,
द्राक्षांच्या बागेतली.
त्याला वाटलं, मी थट्टा करतोय.
त्याने पुन्हा वाजवली, मधला एक सूर चुकला,
चुकलेलाच बरा वाटला,
तोच ठेवला.