दोन सह्यांमधले दिवस

पहिली सही सोमवारी झाली, डिचोलीत,
निबंधकाच्या कचेरीत, गळक्या पेनानं.
मग काचेमागं टाचणीला लागली आमची नावं.
मी शेवंती; टंकणाऱ्यानं शांती केलेली.

आता गावानं वाचायचं.
कुणाची हरकत असेल तर पंधरा दिवसांत सांगायची,
नसेल तर दुसरी सही.

सगुण सारमानसच्या फेरीबोटीवर दोर टाकतो,
अर्धं आयुष्य या काठावरून त्या काठावर.
म्हणतो, एवढी रुंद नदी
पहिल्यांदाच लागली.

मी रोज बाजार करून काचेपाशी येते.
काल आमच्या शेजारी नवी जोडी लागली,
मुलगी मयेची, वय एकवीस.
मी त्रेपन्न.
शिपाई म्हणतो, बाये, कोणी येत नाही गो हरकतीला,
घरी जा.

त्याला काय सांगू?
पहिल्या वेळी पाहुणे आले, चहा झाला,
आणि मागच्या दारी भांडी घासताना मला कळलं
की ठरलं.
तेव्हा असा कागद कुठं लागला होता,
अशी काच, असे मोकळे दिवस?

खिडकी चारला बंद होते.
पावणेचारला मी तिच्यासमोर उभी राहते
आणि विचारते, शेवंती, तुझं काही म्हणणं?
नीट विचारते. उत्तराला वेळ देते.
मग पिशवीतल्या बांगड्यांना वास सुटायच्या आत
स्टँडकडे वळते.

आज बारावा दिवस.
हरकत एकच निघाली:
ते नाव तेवढं सुधारून द्या.