सातवी ब, गच्चीवर

सोहारच्या शाळेची गच्ची, सकाळचे साडेआठ,
आणि आत्ताच चपलेतून चटका कळतोय.
सहा गट, सहा काळी घमेली.
समुद्राचं पाणी मी स्वतः आणलंय, बंदराच्या अलीकडून,
डिकीत दोन कॅन हिंदकळत.

मधोमध वाटी. वरून डबे झाकायचं पारदर्शक प्लास्टिक,
कडेने चिकटपट्टी,
आणि बरोबर वाटीच्या माथ्यावर एक खडा,
थेंबांना उतार कळावा म्हणून.
"आता काय करायचं, मॅम?"
काही नाही. आता ऊन करेल.
काही न करणं
सातवीला सगळ्यात अवघड जातं.

कोण किती पाण्यात आहे
ते बाराच्या घंटेला मोजनळीत कळलं:
अकरा मिलिलिटर. नऊ. साडेसात.
एका गटाचं शून्य,
कारण फैजानने दर पाच मिनिटांनी
प्लास्टिक उचलून आत पाहिलं होतं.

जोबिन मघापासून गालात हसत होता.
दप्तरातून त्याने दोन लिटरची बाटली काढली, काठोकाठ.
"आमच्या एसीचं. एका रात्रीत. हेही वाफेचंच ना?"
वाफेचंच, रे बाबा.
मग विजेचं बिल, मग वीज कशाची, मग गॅस,
मग मृण्मयीचे बाबा ज्या कारखान्यात
समुद्र गोडा करतात, तिथला गॅस.
'पाण्यासारखा पैसा' म्हणजे काय
ते मी त्यांना सांगू लागले
आणि अर्ध्यातच थांबले.
मिरजेला आम्ही पाणी भरायचो.
ही मुलं म्हणतात, पाणी बनवतात.

अकरा मिलिलिटर कपाटात ठेवले, बूच लावून.
प्रयोगशाळेत काही चाखायचं नाही, हा नियम.
(मी चाखलं. कशासारखंच लागलं नाही.)

तिसऱ्या दिवशी घमेली कोरडी,
तळाशी पांढरी, वेडीवाकडी किनार.
निरीक्षण लिहा म्हटलं, स्वतःच्या शब्दांत.
शाहिस्ताने लिहिलं:
अब्बू साइटवरून येतात
तेव्हा शर्टाच्या पाठीवर असंच असतं.
पाणी गेलं, मीठ राहिलं.

तक्त्यात याला रकाना नव्हता.
लाल पेनाचं टोपण काढून मी बराच वेळ बसले,
मग समासात एवढंच विचारलं:
उन्हात किती वेळ?

दुसऱ्या दिवशी वही परत आली.
पेन्सिलीने, एककासकट:
दहा तास.
त्याखाली, बारीक अक्षरात:
जूनपासून दुपारची सुट्टी असते, मॅम,
तेव्हा कमी.