आत्ता नाही

पुन्ता अरेनासमध्ये वारा सुटला की
चौकात दोर बांधतात,
माणसांनी धरून चालावं म्हणून.
मी एका हाताने दोर धरते, दुसऱ्याने अमारोला,
पिशवी दातांत.
सतराव्या वर्षी एवढं जमतं.

दवाखान्यामागच्या खोलीत सात खुर्च्या,
मधे सतरंजी, सतरंजीवर आमची पोरं.
नेवेंकाबाईंच्या मांडीवर वही असते, लिहीत काही नाहीत.
म्हणाल्या, "आज बाळाच्या डोळ्यांनी स्वतःकडे बघा.
काय दिसतं?"
"नाकपुड्या," यास्ना म्हणाली.
हसता हसता ओर्नेलाला पान्हा फुटला,
स्वेटर ओला.
कुणी नजर वळवली नाही.
शाळेत वळवायचे.

मिलाराय बोलत नाही. सहा मंगळवार झाले.
तिची मुलगीही रडत नाही,
ते मला जास्त खटकतं.

माझी पाळी आली. मी तयारी करून आले होते,
धीराची आई वगैरे.
तेवढ्यात अमारोने लाकडी ठोकळा कानाला लावला,
मान खांद्यात दाबून, थेट माझ्यासारखी,
आणि म्हणाला,
"नाही. आत्ता नाही. पैसे नाहीत."
स्वतःचं नाव धड येत नाही त्याला.
हे मात्र स्वच्छ.

शेगडीत लाकूड तडकलं.
आता कोणीतरी म्हणणार, मुलं म्हणजे टीपकागद,
माझी आई म्हणते तसं.
कोणी म्हणालं नाही.
मी बुटाची नाडी सोडली, पुन्हा बांधली.

मग मिलारायने बशीतलं बिस्किट उचललं,
कानाला लावलं.
आवाज गोठलेल्या नळासारखा आधी नुसता खरखरला.
"हॅलो. पैशांचं नाही विचारत. जेवलास का?"

अमारोने ठोकळा उलटा करून पाहिला.
पुष्कळ वेळाने म्हणाला, "मासा."
खोटं. शेवया होत्या, त्याही कालच्या.
"काटे कोणी काढले?"
"आईने."

एवढ्यात तिच्या मुलीने बिस्किट हिसकावलं
आणि फोन खाऊन टाकला.
संपल्यावर भोकाड पसरलं,
असं की आम्ही सगळ्या दचकलो.
मिलाराय लाल झाली,
तिला घट्ट धरून म्हणत राहिली, रड, रड.

बाहेर वारा तसाच.
ठोकळा अमारोच्या खिशात निघाला,
बाईंनी पाहिलं होतं, मागितला नाही.
घरापर्यंत तीनदा वाजला.
दोनदा मी उचलला.
तिसऱ्यांदा हात मोकळा नव्हता.